दुखलं तर सांगायचं

आईला दुखणं लपवायची सवय होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वडील जाऊन चार वर्षं झालेली. डोंबिवलीच्या घरात ती आणि मी, दोघीच. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा तिने शहाडच्या कुणा बाईकडून झाडपाल्याचं औषध आणलं आणि मला सांगितलंसुद्धा नाही. ताप आला तेव्हा मीच तिला ठाण्याच्या एका हॉस्पिटलात नेलं. सोनोग्राफीत पित्तनळीत खडा दिसला.

"पोट फाडायला नको," डॉक्टर म्हणाले. "तोंडातून दुर्बीण घालून काढू." मला हायसं वाटलं, पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. "पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात एकाच तोंडाशी उघडतात. दुर्बिणीतून घातलेली आपली तार चुकून सारखी स्वादुपिंडाच्या नळीत गेली, तर ते सुजतं. कधीकधी जिवावरही बेततं."

"ते होऊ नये म्हणून काही औषध?"

"खात्रीचं नाही. मी जपून करीन, जमत नसलं तर थांबेन. नंतर तोंडाने काही द्यायचं नाही, फक्त सलाईन. आणि मावशी, पोटात दुखलं की लगेच सांगायचं. लवकर कळलं तर आवरता येतं."

आईने मान हलवली. तिचं ते मान हलवणं मला चांगलंच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. तासाभराने डॉक्टर बाहेर आले. खडा निघाला होता, पण तार दोनदा चुकीच्या नळीत गेली होती. "आजचा दिवस लक्ष ठेवा," एवढंच म्हणाले.

मी तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. तिने कूस बदलली की विचारायचे, "दुखतंय का गं?" ती नाही म्हणायची. ओठ सुकलेले, पाण्याचा घोट मागायची, तोही देता येत नव्हता. दुपारी तिने डोळे मिटले आणि मुठीत चादर धरली. मी पुन्हा विचारलं. नाही.

"आई, तू गेलीस तर मी एकटी पडेन," मी म्हणाले. असं मी तिच्याशी कधीच बोलले नव्हते.

तिने मुठीतली चादर सोडली. मग म्हणाली, "मघापासून दुखतंय. पाठीपर्यंत जातंय. तू घाबरशील म्हणून..."

मी धावत जाऊन सिस्टरना आणलं. त्यांनी रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत मी जिन्यात उभी होते, आत जायचा धीर होईना. सूज होती, पण नुकती सुरू झालेली. सलाईन वाढवलं, दुखणं थांबवायची इंजेक्शनं दिली. तीन दिवस तिच्या तोंडात काही नाही. चौथ्या दिवशी तिने दोन चमचे भाताची पेज घेतली, तेव्हा मी प्रत्येक घोटानंतर तिच्या कपाळाकडे बघत होते.

ती बरी होऊन घरी आली. तरी पुढे कितीतरी महिने, स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला की मी हातातलं टाकून आत जायचे.