बंद दारातली हाळी

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. शिरूरला शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. दारावर टांगलेलं लिंबू काढून त्याचं वर्गात सरबत करून पाजलेलं आहे मी. आता नातवंडं "आजी, भुताची गोष्ट सांग" म्हणतात, तेव्हा त्यांना पचनसंस्था सांगते. झोपतात बिचारी लगेच. पण हे एक प्रकरण मात्र...

अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव साल असेल. मी चाळिशीची. बॉबकट, गळ्यात मोत्यांची माळ आणि डोक्यात हवा. आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष ना मी! पुण्यात एका बंगल्यात पंचवीस माणसांची बैठक ऐकून आले — पाश्चात्त्य संगीत आणि राग एकत्र, 'फ्यूजन' का काय ते — आणि शिरूरला संस्कृती आणायची जबाबदारी आपलीच, अशी माझी खात्री पटली. हसा खुशाल. मीही हसते.

कलाकार दौंडला सापडला. फ्रान्सिस. रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेला, वडील गार्ड. सॅक्सोफोनवर युरोपातलं शास्त्रीय संगीत वाजवायचा, आणि त्याच दमात भूपही. स्वभावानं अगदी गाय. जोडीला पुण्याचे एक व्हायोलिनवाले आणि ढोलावर माझे धाकटे दीर, शंकरभावजी. माझं सासर खुटबावचं. आता शेती, पण सासऱ्यांच्या काळात मेंढरं होती. कळपाजवळ लांडगा आला की सासरे एक हाळी द्यायचे — खालून वर चढत जाणारी, आणि शेवटचा सूर लांबच लांब. मी नवी नवरी असताना ऐकलेली. सासरे गेल्यावर ती हाळी फक्त मला पाठ राहिली होती. मी ती फ्रान्सिसला गुणगुणून दाखवली.

"आंटी, हे लास्टला ठेवू," तो म्हणाला. "लोक हलणार नाहीत जागचे."

एप्रिल महिना, रविवार, दुपारची वेळ. एका दुकानावरचा हॉल, पन्नास-साठ माणसं, माइक नाही. खाली पुणे-नगर रस्ता. ट्रकच्या हॉर्ननं रसभंग नको म्हणून मी स्वतःच्या हातानं सगळ्या खिडक्या लावल्या, दाराला आतून कडी घातली.

खुटबावहून माझी धाकटी जाऊ मंगल सासूबाईंना घेऊन आली होती. सासूबाई ठार बहिऱ्या. बोललेलं फक्त ओठांवरून ओळखायच्या. आणि त्या उन्हाळ्यात खांद्यावर काळी घोंगडी!

"आत्याबाई, घोंगडी खाली गाडीत ठेवा की."

"का गं सुमन? तुज्या पावण्यांना चावती का काय?"

मंगल फिसकन हसली. सासूबाईंनी पहिल्या रांगेतली खुर्ची सरकवली आणि घोंगडी अंथरून ऐसपैस खाली बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बँकेचे मॅनेजर बघत होते ना!

पहिला अर्धा तास सुरेख गेला. मग फ्रान्सिसनं हाळी घेतली. सूर पायरी पायरीनं वर चढला, शेवटच्या जागेवर गेला... आणि तिथेच राहिला. आधी वाटलं, काय दमसास आहे पोराचा! टाळ्या वाजवायला हात उचलले, तेवढ्यात माझ्या मागे कोणीतरी गुरगुरलं.

वळून बघते तर आमच्या गल्लीतले डॉक्टर मॅनेजरांच्या कानाला लोंबकळत होते. दातांनी. कान अर्धा सुटला होता. माझा नवरा, ज्यानं पोरांवर कधी हात उगारला नाही, तो खुर्चीच्या तुटक्या पायानं व्हायोलिनवाल्यांना झोडत होता. शंकरभावजींनी एकाचं डोकं भिंतीवर आपटायला घेतलं होतं, ढोलाच्याच ठेक्यात. मंडळाच्या बायका एकमेकींच्या अंगावर. फरशीवर रक्त, त्यात घसरणारे पाय. आणि किंकाळी एकही नाही. नुसते दात, नखं, आणि तो एक सूर.

आणि मी? मला राग आला नव्हता. हे नीट वाचा — राग अजिबात नव्हता. फक्त कोंडल्यासारखं झालं होतं. बाहेर पडायचं होतं, आणि वाटेत मंगल होती. मी तिला खाली पाडलं. तिनं माझा गाल ओरबाडून काढला. मी तिच्या गळ्याकडे तोंड नेलं, तिनं हात आडवा घातला, तर त्या हातात दात रुतवले. तोंडात गरम, खारट. हातांची पकड तिच्या गळ्यावर. तिची नखं हळूहळू सैल पडली, डोळे पांढरे झाले... मला सगळं दिसत होतं हो! पण माझे हात माझे नव्हते.

अख्ख्या हॉलमध्ये एकच बाई शांत बसलेली होती. सासूबाई. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग फ्रान्सिसकडे. उठल्या, घोंगडी गोळा केली, आणि लांडग्याच्या जबड्यात कोंबावी तशी सॅक्सोफोनच्या तोंडात कोंबली. दोन्ही हातांनी, वर गुडघा रेटून.

सूर घुसमटला. एकदा हिसका दिला. थांबला.

मग मात्र माणसं रडायला लागली. मंगलनं घरघरत श्वास घेतला. मी तिला मांडीवर घेतलं. डोळे उघडून तिनं माझं रक्तानं माखलेलं तोंड बघितलं.

"काय वो ताई," बसक्या आवाजात म्हणाली, "दादा जेवाय घालत न्हाईत व्हय?"

फ्रान्सिसचे ओठ फाटले होते. तो एकच वाक्य बोलत होता, "आंटी, माझी फुंक केव्हाच संपली होती."

पोलिसांत कोणी गेलं नाही. कोणी कोणाविरुद्ध जायचं? गल्लीतले डॉक्टर स्वतःच मॅनेजरांचा कान शोधत होते, म्हणून मंगलला जीपनं दौंडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हात बघितला.

"कुत्रं कुठलं होतं?"

"कुत्रं नाही. मी चावले."

त्यांनी मला तोंड उघडायला लावलं. बॅटरी मारून बघितलं. "बाई, एवढे लांब सुळे तुम्हाला नाहीत," म्हणाले, आणि मंगलला रेबीजची इंजेक्शनं लिहून दिली.

परतताना सासूबाईंनी माझ्या ओठांवरून सगळं काढून घेतलं.

"म्हंजी ह्यांची हाळी दिलीसा? आन् दारं लावून?"

"हो."

"आगं येडे, ती लांडग्याला हाकलाय आसती. त्याला पळाय रान लागतंय. कडी घातल्यावर त्यो जाईल कुठं?"

माझ्याकडे तर्क भरपूर होते. उकाडा, कोंदट हवा, कार्बन डायऑक्साइड, सामूहिक उन्माद. वर्षभर नवऱ्याला ऐकवले. पण घोंगडी सॅक्सोफोनमधून ओढून काढली, तेव्हा तिचा हातभर तुकडा गेलेला होता. कडा चावलेल्या, ओल्या. फ्रान्सिसनं तो सॅक्सोफोन स्क्रूनं स्क्रू सुटा केला. आत एक धागासुद्धा सापडला नाही.

मंगलच्या हातावर चार वण आहेत. हळदीकुंकवाला ती मुद्दाम माझ्यापासून दोन हात लांब बसते आणि सगळ्या बायकांना कारण सांगते.

हाळी मला अजून पाठ आहे. भांडी घासताना कधी नकळत ओठांवर येते. मग हात तसेच खरकटे ठेवून आधी उठते, आणि दार उघडते.