गंगापूर रोडवर बसलेली माणसं

सिन्नर मागे पडलं आणि नाशिक जवळ आल्याची पहिली खूण दिसली ती अर्धवट इमारतींची, डोक्यावर सळया निघालेल्या. साताऱ्याहून मी वैशालीला भेटायला आले होते. कलाविद्यालयात आम्ही एका वर्गात होतो. पुढे मी शाळेत चित्रकला शिकवू लागले, ती शिल्पकार झाली. तिचं नवं शिल्प गंगापूर रोडवर बसवायचं होतं आणि ते बसणार की नाही, हे त्याच दुपारी ठरायचं होतं.

तिची कामाची शेड सातपूरला आहे. वैशाली मूळची घोटीजवळच्या गावची, भातशेती करणाऱ्या घरातली. शहरात आल्यावर सुरुवातीला आपल्याला रस्ता ओलांडायचीच भीती वाटायची, हे तिने चहा गाळता गाळता सांगितलं. पोटासाठी तिने बरीच वर्षं पुढाऱ्यांचे अर्धपुतळे केले. मग शेजारचा एक बंगला पाडला, तेव्हा त्याच्या खिडकीची जाळी उचलून आणली आणि तिच्यातून कपडे वाळत घालणारी बाई घडवली. तेव्हापासून ती शहरातली माणसंच करते. सिग्नलला थांबलेली, जिन्यात डबा खाणारी, टँकरभोवती हंडे घेऊन उभी असलेली.

नवं शिल्प शेडच्या मधोमध होतं. सिमेंटचा लांब बाक, त्यावर तीन माणसं, दोन पुरुष आणि एक बाई, मध्ये कुणालाही बसता येईल इतकं अंतर सोडून बसलेली. पेठ-सुरगाण्याकडचे मजूर रोज सकाळी ज्या कोपऱ्यावर कामाची वाट बघत उभे राहतात, तिथे ते ठेवायचं होतं. महापालिकेची परवानगी मिळाली होती, पण समोरच्या सोसायटीची हरकत होती.

जेवायला नागलीची (नाचणीची) भाकरी आणि उडदाचं भुजं (घट्ट कालवण) होतं. मी दोनदा वाढून घेतलं. वैशालीने भाकरी नुसतीच कुस्करली.

बैठक सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाली. सेक्रेटरी सभ्य गृहस्थ. बसायची सोय झाली की गर्दी वाढेल, त्यापेक्षा कारंजं करा, मोर करा, असं त्यांचं म्हणणं. बऱ्याच माना हलल्या.

"गर्दी आजही आहे, काका," वैशाली म्हणाली. "माणसं तीच आहेत. आज ती उभी असतात, एवढंच."

मग पहिल्या मजल्यावरच्या एक आजी बोलल्या. गुडघ्यांमुळे त्या कोपऱ्यापर्यंतच चालत जात. टेकायला काही नाही, म्हणून तिथूनच परत फिरत.

"बाक झाला तर मी बसेन," त्या म्हणाल्या. "माणसं बसलेली असली, तर जरा सरकतील की."

लोक हसले. सेक्रेटरीही हसले, आणि काही महिने ठेवून बघायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मिसळ खाऊन कोपऱ्यावर पोचलो. बाक खाली उतरवताना क्रेनची साखळी घसरली आणि शिल्पातल्या बाईच्या कोपराचा टवका उडाला. मला वाटलं, वैशाली आता रडणार. तिने सिमेंट कालवलं, कोपर लिंपलं आणि त्यावर ओलं गोणपाट बांधलं.

मजूर लांबून बघत होते, पण बसायला कुणी येईना. वैशाली स्वतः एका टोकाला बसली आणि तिने त्यांना हाताने बोलावलं. पेठकडची एक वयस्कर बाई पुढे आली. शिल्पातल्या बाईच्या पायांकडे तिने बराच वेळ पाहिलं, मग वाकून घोट्यावरून हात फिरवला.

"हिचं पाय लय सुजलंत," ती म्हणाली. "लय येळ उभी व्हती वाटतं."

आणि ती शिल्पातल्या बाईशेजारी बसली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. वैशाली उठली आणि माझ्याजवळ येऊन तोंड फिरवून उभी राहिली. ते पाय तिच्या आईचे होते, आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांतले. हे तिने मला बसस्टँडवर, माझी गाडी लागल्यावर सांगितलं.

परतीच्या वाटेवर मी आमच्या शाळेचा विचार करत होते. ज्याच्याकडे मान वर करून बघायचं ते शिल्प, असंच मी इतकी वर्षं शिकवत आले. सोमवारच्या तासाला मी टेबलावर फुलदाणी मांडली नाही. मुलांना घेऊन गजबजलेल्या पोवई नाक्यावर गेले आणि सांगितलं, कोण कसं उभं आहे ते बघा, मग काढा.

बराच वेळ कुणी पेन्सिल उचलली नाही. सगळी नुसती बघत होती.