डावीकडचे अकरा मिलिमीटर

समजा, तुमच्या हातात लाकडी हातोडा दिला आणि समोर एक जुनी इटालियन रेस कार उभी केली. १९५० च्या दशकातली. तिचा लोखंडी नळ्यांचा सांगाडा इतका गंजलाय, की नुसतं बोट लावलं तरी पापुद्रे खाली येतात. वरची बॉडी ॲल्युमिनियमची, म्हणून ती गंजलेली नाही, फक्त चेपलेली आहे. कारण साठेक वर्षं तिच्यावर मटारची पोती रचली जात होती. तुम्ही सुरुवात कुठून कराल? माझ्यासारखा इंजिनिअर आधी एक व्हिडिओ पाहील, मग दुसरा पाहील, आणि संध्याकाळपर्यंत भंगारवाल्याला फोन करील. आमच्या शेजारचे चिंतामणी देवपुजारी यांनी असलं काही केलं नाही. त्यांनी आधी गाडीची रीतसर तपासणी केली आणि तिला नापास केलं.

त्यांचाही इलाज नव्हता. जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात चौतीस वर्षं ते इन्स्पेक्टर होते. भाग दुसऱ्यांनी बनवायचे, काकांनी मोजायचे, आणि अर्धा मिलिमीटर जरी इकडचा तिकडे झाला तरी लाल खडूने फुली मारायची. निरोप समारंभात सगळे भरभरून बोलले. इतका आनंद लपवणं अवघडच होतं. घरी आल्यावर काकांच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत आपल्या हाताने एकही वस्तू बनलेली नाही. मग त्यांनी काही दिवस विभावरीकाकूंच्या पोळ्यांचा व्यास मोजला. काकूंनी पट्टी लपवली.

त्याच सुमारास जबलपुरातल्याच नेपियर टाउनचे भय्यासाहेब आले. घराणं जुनं, मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलेलं. आता चाकरीही नाही आणि मराठेही नाहीत, पण ऐट शाबूत आहे. गाडी त्यांच्या वडिलांची. कलकत्त्याहून आणलेली. वडिलांनी ती शर्यतीत एकदाच उतरवली, पनागर ते जबलपूर, आणि पहिले आले. स्पर्धक दुसरा कुणी नव्हता. पुढे ती पनागरच्या गोदामात गेली. गाडीचं इटालियन नाव भय्यासाहेब दर वेळी नव्याने उच्चारायचे.

"चिंतामणीजी, ही आमची शान आहे," ते म्हणाले.

"शानमध्ये उंदीर राहून राहिले, साहेब," काका म्हणाले आणि काम घेतलं. मोबदला नको म्हणाले. फक्त एकच गोष्ट मागितली. इटलीत अशा गाड्यांचा एक क्लब आहे. त्याच्या नोंदवहीत गाडीबरोबर ती दुरुस्त करणाऱ्याचंही नाव लागतं. ते लागलं पाहिजे.

सांगाड्यात आठ महिने गेले. कुजलेल्या नळ्या कापल्या, नव्या जोडल्या. मग बॉडीची पाळी आली. पोत्यांनी पडलेले पोचे आधी काढले. काकांनी उजव्या बाजूवरून प्लायवूडचे फर्मे कापले आणि ते उलटे करून डाव्या बाजूला लावले. पुढच्या चाकाच्या वर तब्बल अकरा मिलिमीटरचा फरक! अशा बेचाळीस जागा निघाल्या. चोर पकडल्यासारखे काका स्वयंपाकघरात धावले.

"ऐकून राहिली का? एवढे इटलीवाले, आणि डावी बाजू अकरा मिलिमीटर फुगलेली! आमच्याकडे असते तर गेटातूनच परत पाठवले असते."

"लग्नाला बेचाळीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या, "माझं नाक डावीकडे वाकडं आहे हे तुम्हाला अजून दिसलं नाही. चलो, गाडीचं तरी दिसलं."

काकांनी बेचाळीसच्या बेचाळीस चुका तारीखवार रजिस्टरमध्ये उतरवल्या आणि मग त्या सुधारायला घेतल्या. पत्र्याला कपड्याचा साबण चोळायचा, साबण काळा पडेपर्यंत पत्रा तापवायचा. मग तो मऊ होतो. तीन महिन्यांत काकूंच्या साबणाच्या अठरा वड्या इटलीच्या कामी आल्या. शेवटी दोन्ही बाजूंतला फरक उरला शून्य पूर्णांक तीन मिलिमीटर. काकांनी ते मला चार वेळा मोजून दाखवलं.

क्लबच्या वतीने गाडी तपासायला इंदूरहून अपूर्व नावाचा तरुण आला. त्याने उजवी बाजू मोजली. डावी मोजली. परत उजवी मोजली.

"किती आला फरक?" काकांनी विचारलं. आपला नंबर पहिला आलाय हे माहीत असलेला विद्यार्थी विचारतो तसं.

"काहीच नाही."

"शून्य पूर्णांक तीन," काकांनी त्याला सुधारलं.

"मग सॉरी सर, ही बॉडी नकली आहे."

त्याने समजावून सांगितलं. त्या काळी पत्रा लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून नजरेच्या अंदाजाने ठोकत. दोन बाजू कधीच सारख्या निघत नसत. सारख्या निघाल्या, तर समजायचं की नंतर कुणीतरी नक्कल केलीय.

"नकली?" भय्यासाहेब ओरडले. "हमारे पिताजी नकली गाडी चलाते थे?"

काका आत गेले. मला वाटलं, पाणी प्यायला. गप्प बसले असते तर ठपका भय्यासाहेबांच्या वडिलांवर गेला असता, आणि ते काही उत्तर द्यायला येणार नव्हते. पण काका रजिस्टर घेऊन आले आणि ते त्यांनी बॉनेटवर ठेवलं.

"फरक होता. मी काढला."

अपूर्वने एकेक पान उलटलं, आपल्याकडचे जुने फोटो ताडून पाहिले. सगळ्या जागा जुळत होत्या. "सर, इतकी मोजमापं इटलीतही कुणी ठेवली नसतील," तो म्हणाला. काकांची छाती फुगायला लागली होती. "गाडी अस्सल आहे. काम नापास." आणि त्याने फॉर्मवर, दुरुस्ती करणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात, फुली मारली. निळ्या पेनाने, पण काकांना ती कोणत्या रंगाची दिसली असेल ते मी सांगू शकतो.

अट अशी ठरली: डावी बाजू रजिस्टरप्रमाणे पुन्हा होती तशी करायची. मगच नाव लागेल.

तेव्हापासून काका रोज सकाळी चूक करायला बसतात.

"काय चाललंय काका?"

"चूक करून राहिलो."

"जमली?"

"काल साडेदहाची झाली. रिजेक्ट केली."

चाकावरचे ते अकरा मिलिमीटर काही केल्या येत नाहीत. हात सरळच करायला जातो. काकांनी अपूर्वकडून क्लबला विचारलं, की ही बॉडी ठोकली कुणी. उत्तरात एक फोटो आला: ॲप्रन घातलेले सहा कारागीर, नावं कुणाचीच नाहीत. काका हल्ली हातोडा बाजूला ठेवून त्या सहा चेहऱ्यांकडे बघत बसतात. परवा मला म्हणाले, "दोन्ही बाजू एकानेच ठोकल्या, का दोघांनी? आणि एकच असेल तर, उजवी करून डावीकडे आल्यावर अकरा मिलिमीटर जास्त झालेलं पाहून त्याला काहून वाटलं असेल, की बस, झालं, हेच बरोबर आहे?"