तिठ्यावरचं लिंबू

उकळत्या डांबराचा वास आला की मला अजून एक बाजाराचा दिवस आठवतो. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी मूल गावाजवळच्या आमच्या तिठ्यावर डांबरी सडक आली आणि लाकडाचे ट्रक सुसाट धावू लागले. बांबूच्या बेटाआडून येणारी बैलगाडी त्यांना दिसतच नसे.

त्या बाजाराच्या दिवशी सखूमावशी सडकेवर उतारा मांडत होती, भात आणि कुंकू लावलेलं लिंबू. मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटणारा. भडकलोच.

"मावशी, लोकांले अडाणी काऊन ठेवून राह्यली तू?"

"तुह्या कागदानं टरक थांबते का? थांबत असन तं उचल हे."

मी वाकलो, तोच ट्रकची घरघर ऐकू आली. बेटाआड तिच्या सुनेच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज होता आणि सुनेच्या मांडीवर तान्हं असणार हे मला ठाऊक होतं. मी लिंबू तसंच राहू दिलं.

उतारा ओलांडू नये म्हणून ड्रायव्हरनं ट्रक लांबूनच हळू केला होता. बैलगाडी अचानक समोर आली, तरी त्याला थांबता आलं.

त्या तिठ्यावर 'हळू चालवा' अशी सरकारी पाटी लागावी म्हणून मी अजून भांडतो आहे.

गाडी पार झाल्यावर मावशीनं लिंबू पुसून ओच्यात टाकलं. म्हणाली, "पुढच्या बाजारी लागन."