टॉवेलच्या साइटवरची वाघूर

"हे वाघूर काय प्रकरण आहे?"

सरांनी टीव्हीवर बोट ठेवून विचारलं. शनिवारची दुपार. आमच्या ऑफिसात शनिवारी प्रत्येकानं आठवडाभर लिहिलेला कोड मोठ्या टीव्हीवर लावायचा आन् बाकीच्यांनी बघायचा, अशी रीत हाय. सोलापुरात सात रस्त्याजवळ ऑफिस. सर धरून आमी दहा जण. त्या दिवशी पाळी माझी होती.

मी म्हनलं, "वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, सर."

"अगं, आपण टॉवेलची वेबसाइट करतोय. मेंढ्यांचा बाजार नाही."

सगळी हसली. सरांचा पुतण्या अद्वैत खुर्चीतनं पुढं झुकला आन् म्हणाला, "बेंऽऽ." एवढंच. परत हसली सगळी.

मी पण हसले. सांगायला लाज वाटती, पण हसले. काय वाटलं म्हणाल तर कायच वाटलं न्हाय. कानात नुसता पंख्याचा आवाज होता.

आमचं गाव सांगोल्याकडचं. बाप मेंढरं राखतो. पाऊस झाला की घरी, न्हायतर चाऱ्यामागं कुटं कुटं. मी सोलापुरात पॉलिटेक्निक केलं, तीन वर्षं झाली नोकरीला. वेबसाइटचं रूप बांधायचं, रंग, रांगा, चौकटी, ते सगळं सीएसएसमध्ये, ते माझं काम. लई आवडतं मला ते. आता त्यात नवीन सोय आलीय. आधी टॉवेलचा फोटो सगळ्या स्क्रीनकडं बघून आपला आकार ठरवायचा. आता तो ज्या चौकटीत बसलाय तेवढ्यापुरतंच बघतो. चौकट रुंद असली की चार टॉवेल एका ओळीत, अरुंद असली की एकाखाली एक. मोबाइल असू दे न्हायतर टीव्ही, तो आपली जागा बघून बसतो.

त्यासाठी मी चौकटीला नाव दिलं होतं. एका फाइलीत चौकट, दुसऱ्या फाइलीत तिचे नियम, दोन्हीकडं तेच नाव पाहिजे. नाव कायबी चालतं. ब्राउझरला ना इंग्रजी कळतं ना मराठी, दोन्हीकडं अक्षरं तीच हायत का एवढंच तो बघतो. हे बांधताना माझ्या डोळ्यापुढं बापाची वाघूर होती. माळावर जागा असंल तशी तो ती लावतो, आन् मेंढरं आत मावतील तशी बसत्यात. मला दुसरं नाव सुचलंच न्हाय.

सर म्हणाले, "सोमवारी टॉवेलवाले शेठ येतायत. त्यांनी हे बघितलं तर आपली काय इज्जत राहील? अद्वैत, तू नावं साफ कर. दाखवायचं पण तूच." मग माझ्याकडं बघितलं. "तू मागच्या खोलीत बस. तुझं ते हाय-न्हाय अजून गेलं नाही."

"व्हय सर," मी म्हनलं. तेवढ्यावर पण कोणतरी फिसकन हसलं.

अद्वैत माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, माझ्यानंतर आलेला. तरी त्याला सर म्हणायचं. सुरुवातीला पानावर ग्रीडच्या आडव्या-उभ्या रांगा कशा पाडायच्या ते त्याला मीच शिकवलं. पण आपला तो बाब्या आन् दुसऱ्याचं ते कार्टं. कुणाला काय बोलणार?

सोमवारी शेठ आले. टॉवेलचा कारखाना, घराणं पिढ्यान्‌पिढ्या विणकराचं, फोनवर घरच्यांशी तेलुगु बोलत होते. मी मागच्या खोलीत बसलेले. थोड्या वेळानं सरांची हाक आली.

टीव्हीवर बघितलं. एवढी रुंद जागा, आन् टॉवेल एकाखाली एक, डावीकडं चिकटलेले. बाकी सगळं पांढरं.

सर म्हणाले, "शेठ, गावाकडची मुलगी आहे, तिच्या हातून झालंय. शेठना सॉरी म्हण. आणि नीट कर."

अद्वैत खाली बघत होता.

मी लॅपटॉपसमोर बसले. दोन मिनिटांत कळलं. चौकटीचं नाव त्यानं बदललेलं, नियमांच्या फाइलीत वाघूर तशीच. नावं जुळंनात, म्हणून नियम लागंनात. सीएसएस अशावेळी ओरडत न्हाय. लाल अक्षर न्हाय, सूचना न्हाय, गप सोडून देतं आन् पुढं जातं. तीन वर्षं मी पण तेच केलं होतं.

मी चौकटीला वाघूर लिहिलं. सगळ्यांच्या देखत, टीव्हीवर. चार टॉवेल एका ओळीत आले.

"हं. आता सॉरी म्हण."

मी लॅपटॉपवरनं हात काढले. राग यायला पाहिजे होता, तो पण आला न्हाय. नुसतं कळलं की आज हे तोंडातनं गेलं तर ह्या ऑफिसात जे जे मोडंल ते ते मीच मोडलेलं असंल.

मी म्हनलं, "न्हाय म्हणणार."

"काय?"

"हे मी मोडलं न्हाय, सर. अद्वैत सरांनी एका फाइलीत नाव बदललं, दुसरीत राहिलं. मी केलं तवा चालत होतं."

शेठनी माझ्याकडं बघितलं. "हे सगळं तू केलंस काय?"

"व्हय. पहिल्यापासनं."

"बरं," ते म्हणाले, आन् सरांकडं वळले. "आमाला काय, साइट चालली म्हणजे झालं."

तेवढंच. कुणी माझी बाजू घेतली न्हाय.

शेठ गेल्यावर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "क्लायंटसमोर मला तोंडावर पाडलंस. उद्या अकराच्या आत सगळ्यांना माफीचा मेल गेला पाहिजे. नाहीतर घरी जा, मेंढ्या राख."

आज सकाळी मेल लिहिला. आमच्याकडं कोडची प्रत्येक ओळ कुणी बदलली, कधी बदलली, त्याची नोंद आपोआप ऱ्हाती. ती उघडली. अद्वैतचं नाव, शनिवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. त्या पानाचा फोटो जोडला आन् खाली लिहिलं:

"साइट का मोडली ते सोबत हाय. ती मी बांधली. हितनं पुढं माझं काम मीच दाखवणार, माझ्या बोलीत."

नऊच्या नऊ जणांना पाठवला.

आता साडेअकरा झालेत. सर केबिनमध्ये हायत, दार लावलेलं. माझ्याशी कोण बोलंना. शेजारच्या टेबलावरचीनं खुर्ची जरा पलीकडं सरकवली, ते पण बघितलं मी. राजीनामा दे म्हणतील, चुपचाप जा म्हणतील. मी राजीनामा देणार न्हाय. काढायचं असंल तर बाहेर या, नऊ जणांपुढं उभं ऱ्हावा, कारण सांगा आन् काढा. आपण होऊन मी ह्या खुर्चीवरनं उठणार न्हाय.