आजींनी दिलेलं अंडं

मी आज जो काही आहे तो आमच्या गावच्या गणिताच्या बाईंमुळे. त्यांच्याच घरी राहून शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो, आणि अमेरिकेला निघताना त्यांनी माझ्याकडून एकच शब्द घेतला: मांस खायचं नाही. परवा इथल्या बॉथेल गावातल्या माझ्या ऑफिसात कुणाच्या तरी डब्यातून व्हिनेगरचा वास आला आणि शेजारच्या फिलिपिनो आजी आठवल्या. मी इथे नवीन असताना तापाने पडलो, तेव्हा रोज मऊ भात आणून देणाऱ्या त्याच. बरा झाल्यावर त्यांनी घरी बोलावून विचारलं, "अंडं चालतं ना?" मी म्हणालो, "अंडं चालतं, मांस नाही." त्यांनी बदकाचं उकडलेलं, गरम अंडं हातात दिलं. "रुंद टोकाला भोक पाड, मीठ टाक आणि आधी रस ओढून घे. सांडलास तर बघ!" रस चविष्ट होता. मग कवच सोललं, तर आत काळसर पिसांचं इवलंसं पिल्लू. "आजी, हे पिल्लू आहे!" "मग अंड्यात काय मासा असणार? आमच्याकडे हे असंच आवडीने खातात. व्हिनेगर घाल आणि खा." मग हळूच म्हणाल्या, "माझी नातवंडं तर बघूनच पळतात." मी व्हिनेगर घातलं आणि खाल्लं. त्या खुशीत दुसरं सोलू लागल्या. मला मात्र मान वर करवेना. त्याच रविवारी बाईंना पत्र लिहिलं, ते मला अजून पाठ आहे: "बाई, रस प्यायलो तेव्हा मला माहीत नव्हतं. पुढचं मात्र बघून खाल्लं. त्यांना नाही म्हणवलं नाही. रागावलात तरी चालेल, पण उत्तर लिहा."