कमलाबाईंचं चाखवायचं बोट

चिंचपोकळीच्या त्या चाळीत वाढलेलं एक तरी पोर दाखवा, ज्याच्या तोंडात कमलाबाईंचं बोट गेलेलं नाही. शोधून सापडणार नाही. बाळाने मान धरली की ते गॅलरीतून या दारातून त्या दारात फिरायचं, आणि कमलाबाईंच्या दारात आलं की त्या बोटाला काहीबाही लावून त्याला चाटवायच्या. कधी श्रीखंड, तर कधी चक्क लिंबाचं लोणचं. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं की अख्खा मजला हसून हसून लोळायचा. आया बिचाऱ्या कुरकुरायच्या, पण कमलाबाईंच्या तोंडी कोण लागणार?

आता मात्र बाईंचीच परीक्षा होती. सून अपेक्षा सोमवारपासून वरळीच्या ऑफिसात पुन्हा रुजू होणार होती. आठ महिन्यांच्या सम्यकला आजीकडे ठेवायचं की ऑफिसजवळच्या पाळणाघरात, ते काही ठरत नव्हतं. पाळणाघरात जागा धरून ठेवलेली होती. अपेक्षा तोंडाने काही बोलायची नाही, पण सासूच्या बोटाकडे अशी बघायची की कमलाबाईंना ते पदराखाली लपवावंसं वाटे. नातू दिवसभर दुसऱ्यांच्या हातात जाणार, या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना.

गुरुवारी अपेक्षा एक दिवस ऑफिसला जाऊन बघणार होती. सम्यकची पहिली स्ट्रॉबेरीही त्याच दिवशी. निघताना तिने सासूला नीट समजावलं. फळ पिकलेलं, मऊ हवं, वाहत्या पाण्यात धुवायचं, देठ काढून चमच्याने चेचायचं. आधी चमचाभरच द्यायचं, सोबत दुसरं काही नवं नाही. अख्खं, टणक फळ तर मुळीच नाही, घशात अडकतं. कमलाबाईंनी गरीब गायीसारखी मान डोलावली.

ती जिना उतरते न उतरते तोच शेजारचे नाना हजर. हातात ही एवढी टणक स्ट्रॉबेरी, आणि ती थेट सम्यकच्या तोंडाशी! कमलाबाईंनी झडप घालून ती हिसकावली आणि नानांच्या डोळ्यांदेखत स्वतःच गट्टम केली. नाना फुगले. त्यांच्या लेकीला, सीमाला, याच बाईने लोणचं चाटवलं होतं, तेव्हा कुठे गेले होते हे नियम, असं त्यांनी गॅलरीभर ऐकवलं. कमलाबाई तोंड भरलेलं म्हणून उत्तरल्या नाहीत, नाहीतर सोडलं असतं होय?

मग त्यांनी घरातली पिकलेली स्ट्रॉबेरी सांगितल्याबरहुकूम चमचाभर चेचून भरवली. सम्यकने डोळे मिचकावले, शहारला आणि पुन्हा आ केला. स्वारी खूश! पण थोड्या वेळाने पाहतात तो काय, ओठांभोवती आणि हनुवटीवर लाल चट्टे.

कमलाबाईंनी कपाळावर हात मारला. गेलं पोर पाळणाघरात! त्यांनी पावडरचा डबा काढला आणि त्याच्या तोंडाला अशी काही थापली की पोरगं लग्नातल्या करवलीसारखं दिसू लागलं. लाल काही दिसेना. पण आत काही होत असलं तर? सोमवारचं सोमवारी बघू, म्हणत त्यांनी ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं आणि सुनेला व्हिडिओ कॉल लावला.

अपेक्षाने भराभर विचारलं: उलटी झाली का, ओठ सुजलेत का, अंगावर पुरळ, श्वासाला त्रास? काहीच नव्हतं. सम्यक डाव आपटत खिदळत होता. मग ती थबकली.

"आई, त्याच्या कानाखाली पांढरं काय आहे?"

लाळेऱ्याची नाडी आहे, खडू लागलाय, हजार थापा जिभेवर आल्या.

"पावडर," कमलाबाई म्हणाल्या. "तुझ्यापासून लपवणार होते."

अपेक्षाने डॉक्टरांना विचारून सांगते म्हणून फोन ठेवला. तो वेळ कमलाबाईंना जाता जाईना. अखेर फोन वाजला. फळाच्या आंबट रसाने नाजूक कातडी लाल होते, बहुधा तेवढंच असेल, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. तरी आज लक्ष ठेवायचं, चट्टे अंगभर पसरले किंवा श्वास लागला तर तडक दवाखाना गाठायचा.

"आणि पाळणाघराची जागा सोडलीय मी," अपेक्षा म्हणाली. "तिथून मला असा फोन आला असता की नाही, देव जाणे."

कमलाबाईंनी नातवाला उराशी धरलं आणि त्या मोकळेपणी रडल्या. सम्यकने त्यांच्या ओल्या गालाला तोंड लावलं, आजीचे अश्रू चाखले आणि कुणाचीही परवानगी न घेता पुन्हा आ केला.